खारबोरी फाट्यावरचा उभा पाटा

मी एक जुना पाटा आहे, आणि मी रागात आहे.

मित्रांनो, पाट्याने रागावू नये असे तुम्हाला वाटत असेल. जुनी छत्री, जुने घड्याळ, जुना वड आपापल्या गोष्टी सांगताना डोळे पुसतात आणि शेवटी सगळ्यांना क्षमा करून टाकतात. त्यांचा स्वभाव चांगला आहे. माझा स्वभाव चाळीस-पन्नास वर्षे लाल मिरचीच्या संगतीत घडला. तेव्हा ऐकताना जरा अंतर राखून बसा.

मूर्तिजापूरहून आमच्या भागात येणाऱ्या रस्त्यावर खारबोरी फाटा लागतो. तिथल्या निंबाखाली मी उभा आहे. पाटा उभा नसतो. पाट्याने चुलीशेजारच्या ओट्यावर आडवे पडावे, छातीवर वरवंटा घ्यावा, आणि घरातल्या बायकांची बोलणी ऐकत म्हातारे व्हावे. रस्त्यात उभा पाटा दिसला की समजावे, गावात काहीतरी बिघडले आहे.

माझ्या पाठीवर अक्षरे कोरलेली आहेत. एस.टी.च्या खिडकीतून काही लोक मला किलोमीटरचा दगड समजतात आणि पुढचे गाव किती लांब ते शोधतात. अंतर माझ्यावर लिहिलेले नाही. ज्याच्यासाठी मी उभा आहे तो किती लांब आहे, हे अजून कोणी मोजलेले नाही.

पण सुरुवातीपासून सांगतो.

चिखलदऱ्याच्या डोंगराखालच्या काळ्या खडकातून मला काढले, आणि अंजनगाव सुर्जीच्या बाजारात विकायला ठेवले. खारबोरीच्या माणिकबाईंनी मला बोटाने तीनदा वाजवले, चुरा सुटतो का ते पाहायला ओला हात फिरवून जिभेला लावला, आणि दुकानदाराला म्हणाल्या, "दगड बरा हाय. तुयी गॅरंटी नाई." मग शकुंतला नावाच्या छोट्या रेल्वेगाडीने मी मूर्तिजापूरपर्यंत आलो. मी स्वतः दगड आहे, तरी मला त्या प्रवासात वाटले की ही जरा पाय उचलेल तर बरे होईल.

नवा पाटा कामाचा नसतो. त्याला टाकी लावावी लागते, म्हणजे छिन्नी-हातोडीने अंगभर बारीक खड्डे पाडावे लागतात. खड्डे नसतील तर मिरची वाटली जात नाही, नुसती घसरते. वर्षभरात खड्डे झिजतात, आणि टाकीवाला पुन्हा येतो. रस्ते बांधणाऱ्यांनी हे शास्त्र आमच्याकडूनच घेतले असावे, फक्त ते उलटे लावले.

मला पहिली टाकी मोईज टाकीवाल्याने लावली. तो अंजनगावचा. त्याची बायको दिवसांत होती, तरी त्याच्यासोबत गावोगाव पायी फिरत होती. मोईजने माझ्या वरच्या कोपऱ्यात, जिथे वरवंटा पोचत नाही तिथे, एक मासा कोरला.

"मासा काहून रे?" माणिकबाईंनी विचारले.

"पूर्णामायचा, आपल्या नदीचा मासा हाय, माय. ज्या पाट्यावर मासा, त्या घरी गोडं पाणी."

खारबोरीच्या विहिरींचे पाणी इतके खारे, की वरणात मीठ घालायची आठवण राहिली नाही तरी चालते. माणिकबाई म्हणाल्या, "मंग एक काहून? दोन काढ ना."

"दुसरा पुढच्या सालाले."

पण पुढच्या सालापर्यंत थांबायची गरज पडली नाही. त्याच दुपारी मोईजची बायको माणिकबाईंच्या गोठ्यात बाळंत झाली. नाळ माणिकबाईंनी कापली. मोईजने हात धुतले, पुन्हा छिन्नी घेतली, आणि मोठ्या माशाच्या पोटाखाली एक बोटभर मासा कोरला. "हा माया उस्मान," तो म्हणाला.

माणिकबाईंचा मुलगा सूर्यभान तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याने छोट्या माशावर बोट ठेवून आईला विचारले, "हा आता आपल्याच घरी राहीन का वो?"

माणिकबाई म्हणाल्या, "तो फिरत राहीन. पण त्याचं घर इथी हाय, असं समजजो."

हे वाक्य मी ऐकले आणि सूर्यभाननेही ऐकले. माझ्या लक्षात राहिले.

मित्रांनो, माझी कामाची वर्षे सुखाची होती. माणिकबाई गेल्या, सुनेच्या हाती मी आलो. पार्वताबाई तिचे नाव. ती वाटताना बोलत असे, आणि बोलताना वाटत असे, त्यामुळे आमच्या घरची चटणी फार बारीक व्हायची. मोईज म्हातारा झाला आणि त्याची पिशवी उस्मानच्या खांद्यावर आली. दरवर्षी होळी झाली की गल्लीच्या तोंडाशी त्याची आरोळी यायची, "टाकी लावून घ्या वोऽ पाट्याले, टाकीऽ!" वीस-पंचवीस गावांतल्या पाट्यांवर त्याचे मासे होते. पण दोन मासे फक्त माझ्यावर. दरवर्षी तो दोन्ही माशांना नवी टाकी द्यायचा, आणि छोट्याला जरा जास्त.

सूर्यभान मोठा होऊन गावचा पोलीस पाटील झाला. गावात काय चालले आहे हे वर कळवायचे, हे त्याचे काम. खारबोरीत फारसे काही चालत नसल्यामुळे तो ओट्यावर बसून उस्मानचे काम बघायचा.

"काय पाटील, सापडला का एखांदा चोर?" उस्मान विचारायचा.

"समोरच बसून राहिला ना तू."

"मंग पकडा ना बाप्पा! पण चाय पाजून पकडा. उपाशी चोर धरला त पाप लागते."

पार्वताबाई आतून ओरडायची, "चाय ठेवलीच हाय, मेल्याहो! त्या पाट्याचे दात पाडा आधी."

मग घरात मिक्सर आला. मला कोपऱ्यात उभे करायचे ठरले होते, पण त्या वर्षांत वऱ्हाडात वीज रोज बारा-बारा तास नसायची. मिक्सर फडक्याखाली झाकून ठेवायचा आणि चटणी माझ्यावर वाटायची, अशी व्यवस्था झाली. पाहुण्यांना मिक्सर दाखवत आणि चटणी माझी वाढत.

त्याच वर्षांत आमच्याकडे कापूस कमी पिकत होता आणि समित्या जास्त. जीपमधून माणसे उतरत, दुःख किती आहे ते विचारत, लिहून घेत आणि चहा पिऊन जात. एकदा बातमी आली की दिल्लीचे फार मोठे पाहुणे स्वतः दुःख बघायला येणार आहेत, आणि त्यांचा रस्ता खारबोरी फाट्यावरून जातो. मग दुःखाची साफसफाई सुरू झाली. फाट्यावरचे खड्डे बुजले. निंबाला चुना लागला. आणि 'परके नागरिक तपास पथक' नावाचे एक पथक आले. देशात चोरून शिरलेले लोक हुडकायचे आणि सरहद्दीपार घालवायचे, हे त्यांचे काम. खारबोरीत ते सापडतील असे त्यांना का वाटले, ते मला माहीत नाही. सरहद्द आमच्यापासून इतकी लांब, की तिथून चोरून निघालेला माणूस खारबोरीला पोचेपर्यंत म्हातारा होईल.

पथकाच्या साहेबांनी प्रत्येक पोलीस पाटलाकडे एक छापील कागद पाठवला. त्यात रकाना होता: 'गावात ये-जा करणारे बाहेरचे इसम'. खाली बारीक अक्षरात: 'रकाना रिकामा ठेवू नये.'

सूर्यभान माझ्याशेजारी ओट्यावर बसला आणि पेनाचे टोपण चावू लागला. मी सगळे पाहिले. त्याने आधी बांगड्यावाल्याचा विचार केला. तो तोंडाचा फाटका, चारचौघांत भांडेल. बकऱ्यांच्या व्यापाऱ्याचे नाव लिहिले तर तो रुसेल आणि पुढच्या वेळी गावात येणार नाही. मिरचीवाला मेव्हण्याचा साडू. एकेक नाव तो मनात घोळवी आणि मान हलवी. मग त्याचा चेहरा उजळला आणि त्याने लिहिले: उस्मान वल्द मोईज, टाकीवाला.

"काय लिहून राहिले वो?" पार्वताबाईने विचारले.

"काई नाई. रकाना भरून राहिलो."

मित्रांनो, त्याच्या मनात काही वाईट नव्हते, हेच तर वाईट आहे. परका माणूस दुखावू नये म्हणून त्याने घरच्याचे नाव दिले. उस्मान काय, हसेल आणि सोडून देईल. आमच्याकडची ही जुनी खोड आहे. पंगतीत भाजी संपली की पाहुण्याला वाढतात आणि घरच्याला म्हणतात, तू आपला आहेस, तू चटणीवर भागव. सूर्यभानने कागद तसाच भरला.

चौथ्या दिवशी उस्मान आला. सूर्यभान शेतात होता. उस्मानने मला ओट्यावर घेतले आणि उजव्या बाजूने सुरुवात केली. उजवी बाजू पूर्ण झाली, तोच कॉन्स्टेबल देवमन दारात आला. देवमन शेजारच्याच गावचा, उस्मानच्या चांगल्या ओळखीचा.

"उस्मानभाऊ, फाट्यावर सायेब आले हायेत. दोन मिंटं चाल."

"डावी बाजू राहिली ना रे."

"कागदाचं काम हाय. चाय पेऊन येशीन वापस."

उस्मानने छिन्नी माझ्यावर ठेवली आणि आत आवाज दिला, "वयनी, डावी बाजू आल्यावर करतो. तवरोक मिरची नोका वाटू, चुरा लागन."

तो गेला. चहा त्याला मिळाला की नाही, ते मला अजून कळलेले नाही.

फाट्यावर साहेबांनी त्याला जन्मठिकाण विचारले. त्याने खरे ते सांगितले, "खारबोरी, पाटलाचा गोठा." साहेबांना वाटले, हा आपली टिंगल करतो आहे. त्याच्या रेशनकार्डावर वय चुकलेले होते; आमच्या भागात वय बरोबर असलेले रेशनकार्ड बनावट समजतात, पण साहेब आमच्या भागातले नव्हते. ते तपासाला आमच्या ओट्यापर्यंत आले. मला पाहिले. माशावर काठी ठेवली.

"हे कोणी काढलं?"

"त्याच्या बापानं," पार्वताबाई म्हणाली.

"ज्वारी-तुरीच्या मुलखात मासा कुठून आला?" साहेबांनी विचारले, आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच ते लिहून घेतले. इतकी वर्षे मी पूर्णामायचा मासा अंगावर वागवत होतो. त्या दिवशी तो पूर्वेकडच्या परदेशातला झाला.

दुसऱ्या दिवशी उस्मानची बायको नसीमबानो अंजनगावहून धावत आली. पार्वताबाईने मला बैलगाडीत घातले, कारण छोटा मासा साहेबांना दाखवायचा होता. सूर्यभानने पाटीलकीचा शिक्का मारून पत्र लिहिले की हा इसम माझ्या घरी जन्मला, मी साक्षी आहे. आम्ही चौघे ठाण्यात गेलो. मला टेबलावर ठेवले, टेबल कुरकुरले.

"हा त्याचा जन्माचा दाखला," पार्वताबाई म्हणाली.

"दगड पुरावा होत नाही, बाई."

"आन् काल मासा झाला होता, त्याचं काय?"

"मासा होतो. दगड होत नाही."

मी पन्नास किलोचा आहे, तरी मला त्या क्षणी फार हलके वाटले.

मग सूर्यभानने पत्र पुढे केले. साहेबांनी ते वाचले, कपाटातून एक कागद काढला आणि पत्राशेजारी ठेवला. "ही यादी तुमचीच ना, पाटील? अक्षर तुमचं, सही तुमची. नाव वाचा. मग मला सांगा, चार दिवसांपूर्वी खोटं लिहिलं की आज?"

नसीमबानोने कागदाकडे पाहिले, मग सूर्यभानकडे. "पाटीलभाऊ, तुमी लिहिलं?"

"रकाना..." सूर्यभान म्हणाला. "रिकामा नोता ठेवाचा."

पार्वताबाई काहीच बोलली नाही. माझ्या सगळ्या आयुष्यात ही पहिली वेळ. ती गाडीत बसलीही नाही. खारबोरीपर्यंत चालत आली, आणि सूर्यभान मागे बैल हाकत राहिला.

पंधरवड्यात उस्मानला रेल्वेत बसवून पूर्वेच्या सरहद्दीवर नेले आणि पलीकडे ढकलले. दिल्लीच्या पाहुण्यांचा दौरा त्याच आठवड्यात रद्द झाला. दुसरीकडे जास्त सोयीचे दुःख सापडले म्हणे.

पुढच्या महिन्यात फाट्यावरच्या श्रावणच्या टेलिफोन बूथवर एकदा फोन आला. श्रावणने सायकल पिटाळून पार्वताबाईला आणि त्या दिवसांत खारबोरीतच थांबलेल्या नसीमबानोला बोलावले. ते बोलणे पार्वताबाईने मला नंतर सांगितले, कारण नवऱ्याशी ती बोलत नव्हती आणि कोणाला तरी सांगणे भाग होते. उस्मान म्हणाला, "मी कोठी हाय, मलेच नाई समजत. इथले लोक म्हणतात तू तिकडचा, चाल निंघ. त्यायची भाषा मले येत नाई, मायी त्यायले." मग म्हणाला, "एका घरी पाट्याले टाकी लावली. मी मासा काढू लागलो त बाई म्हणे, मासा नको, फूल काढ. सायबाले सांगजा." मग फोन तुटला. पुन्हा आला नाही.

त्या दिवशी पार्वताबाईने वरवंटा उचलून माळ्यावर टाकला आणि नवऱ्याला एवढेच ऐकवले, "आता या घरी चटणी वाटल्या जाणार नाई." तिने आणि नसीमबानोने मिळून मला गाडीत चढवले. सूर्यभान हात द्यायला आला.

"हात नोका लावू," पार्वताबाई म्हणाली.

अशा रीतीने मी फाट्यावर आलो, जिथून उस्मानला नेले तिथे. नसीमबानोने नवऱ्याचीच छिन्नी-हातोडी घेतली. तिला टाकीचे काम येत होते. घरोघर उस्मानचे नाव झाले, पण निम्मे पाटे तिच्या हातचे होते. तीन दिवस ती माझ्या पाठीवर कोरत होती:

उस्मान वल्द मोईज, टाकीवाला
जन्म खारबोरी
याला इथून नेले
हा इथलाच

खाली वीतभर जागा तिने कोरी ठेवली. "ते काहून?" श्रावणने विचारले. "आला की तारीख टाकीन," ती म्हणाली.

पार्वताबाईचे म्हणणे होते की त्या जागेत 'नाव देणारा सूर्यभान' असे कोरावे. नसीमबानोने मान हलवली. "त्यायचं नाव त्यायनं सोताच लिहावं. मी काहून लिहू?"

आता स्मारक म्हटले की हार घेऊन कोणीतरी येतोच. आमच्याकडे रामराव आले. ते निवडणुकीत पडलेले पुढारी होते आणि उठायची संधी शोधत होते. फोटोवाला, नारळ आणि झेंडूचा हात-हातभर हार घेऊन ते जीपमधून उतरले आणि "अमर रहे" म्हणू लागले.

नसीमबानो निंबाखालून उठली. "कोन अमर रहे?"

"आपले उस्मानभाई, ताई. त्यांच्या स्मृतीला..."

"मेरा आदमी जिंदा है. जित्याले हार घालता? तुमच्या घरी घालतात का? आना तुमच्या बापाले, मी घालतो हार."

"ताई, भावना समजून घ्या..."

"हार खाली ठेवा, नाई त छिन्नीनं कापीन. मंग तुमाले."

हार रामरावांच्या जीपच्या टपावर परत गेला. एका बकरीने तो फाट्याच्या वळणावर ओढून खाल्ला. माझ्या अंगावर आजवर फूल पडलेले नाही. कुंकू लावायला आलेल्या दोन म्हाताऱ्यांनाही नसीमबानोने हाकलले. तिने मला देव होऊ दिले नाही, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. देव झालो असतो तर लोक नमस्कार करून निघून गेले असते. आता त्यांना वाचावे लागते.

साहेबांनाही वाचावे लागले. 'अनधिकृत स्मारक' म्हणून त्यांनी मला उपटून ठाण्यात नेले. पार्वताबाई पाठोपाठ हजर.

"स्मारक मेल्याचं असते, सायेब. तुमी म्हणता, उस्मान मेला. तसं लिहून द्या."

"असं आम्ही म्हटलेलं नाही."

"नाई ना मेला? मंग हे स्मारक नाई, माया पाटा हाय. बाईचा पाटा जप्त कराचा कायदा दाखवा मले."

साहेबांनी कायद्याचे पुस्तक चाळले. भांडी होती, गुरे होती, पाटा नव्हता. मी परत फाट्यावर आलो.

दुसऱ्यांदा त्यांनी मला नेले ते कायदा न पाहता. त्या दिवशी ठाण्यात कोणाच्या तरी बढतीचे जेवण होते आणि वीज नव्हती. आचाऱ्याने कुठूनसा वरवंटा आणला, मला आडवे केले आणि भिजवलेली लाल मिरची नेमकी माझ्या डाव्या बाजूला घातली. मित्रांनो, आठवते ना, ती बाजू राहिली होती? गुळगुळीत दगडावर मिरची वाटली जात नाही, उडते. त्याच क्षणी साहेब किती झाले ते बघायला वाकले. मी मुद्दाम केले असे कोणी म्हणेल. मी दगड आहे. पण नाकारतही नाही. तीन दिवस साहेब उजव्या डोळ्याने कामकाज बघत होते, आणि मला परत पाठवायच्या कागदावर त्यांनी न वाचताच सही केली.

ही गोष्ट बाजारच्या दिवशी वीस गावांत पोचली. पुढच्या बाजाराला बायका आल्या त्या आपापले पाटे घेऊन. कोणी बैलगाडीत, कोणी एस.टी.च्या टपावर, कोणी डोक्यावर चुंबळ ठेवून. मिक्सर आल्यापासून हे बिचारे न्हाणीघरात धुणे धुवायला, कोंबड्यांचे दार अडवायला ठेवलेले होते. फाट्याच्या दोन्ही अंगांना त्रेपन्न पाटे उभे राहिले, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक मासा होता. नसीमबानो एकेका माशावर बोट फिरवत गेली. "हा उस्मानचा. हा माया. हा सासऱ्याचा."

साहेबांनी देवमनला बोलावले. "हे सगळे उचला."

"सायेब, तो तिसरा आमच्या घरचा हाय."

"तुमच्या घरचा?"

"बायकोनं उभा केला. मी काय करू सायेब? मले तिथीच जेवाचं हाय."

तरी त्यांनी एक टेम्पो आणला. सतराव्या पाट्याला टेम्पोचाच पाटा, म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी, मोडला.

मग साहेबांनी शेवटचा उपाय केला. त्यांनी सूर्यभानला एक कागद पाठवला. तोच छापील कागद, तोच रकाना. वर हाताने लिहिलेले होते: 'दगड उभे करण्यामागे असलेले बाहेरचे इसम. नावे द्यावीत, अन्यथा पोलीस पाटील पदावरून कमी करण्यात येईल.' खाली बारीक अक्षर होतेच.

सूर्यभान कागद घेऊन फाट्यावर आला. इतक्या महिन्यांत तो प्रथमच माझ्यासमोर आला होता. वाळला होता. भर दुपार होती, बायका निंबाखाली बसलेल्या होत्या, आणि कोणीच त्याला बस म्हटले नाही. तो मातीतच बसला, कागद माझ्या अंगावर टेकवला, माझ्या डाव्या, गुळगुळीत बाजूवर. लिहायला ती चांगली आहे. त्याने टोपण चावले नाही.

नाव: सूर्यभान पुंजाजी.
कोठून आला: उस्मान आला तिथूनच. एकाच घरी जन्म. तो गोठ्यात, मी माजघरात.

त्याने सही केली आणि कागद पार्वताबाईसमोर धरला. सहा महिन्यांनी ती त्याच्याशी बोलली.

"एवढं एकच नाव? रकाना त हा एवढा मोठा हाय."

तिने पेन हिसकून आपले नाव लिहिले. मग नसीमबानोने. मग श्रावणने. लिहिता न येणाऱ्यांनी अंगठे उठवले. देवमन आधी इकडेतिकडे बघत राहिला, मग टोपी काढून त्यानेही सही केली. रकाना भरला, समास भरला, मग मागची बाजू. संध्याकाळी कागद साहेबांकडे गेला तेव्हा खारबोरीत सरकारी हिशेबाने एकही आतला माणूस उरलेला नव्हता.

"पाटील, तुम्ही बाहेरचे कसे?" साहेबांनी विचारले म्हणे.

"उस्मान कसा होता?" सूर्यभान म्हणाला.

त्याची पाटीलकी गेली. साहेबांची पुढे बदली झाली, बढतीवर. पथक विसर्जित झाले आणि त्याच्या कपाटात आता दुसऱ्याच पथकाचे कागद आहेत.

उस्मान आलेला नाही.

नसीमबानो दरवर्षी होळीनंतर नवऱ्याची पिशवी खांद्याला लावून वीस गावे फिरते आणि आरोळी देते. फाट्यावर आली की माझ्या अक्षरांना नवी टाकी देते, छोट्या माशाला जरा जास्त. कोऱ्या जागेला हात लावत नाही आणि डाव्या बाजूलाही नाही. "ते त्यायचं राहिलेलं काम हाय," म्हणते. सूर्यभान खाऱ्या विहिरीतून बादली आणून मला धुतो. तो घरी मिक्सरची चटणी खातो. त्याला ती आवडत नाही. आवडू नये.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही जुन्या वस्तू म्हणतो की आम्हाला जपा, आम्हाला अडगळीत टाकू नका. मला खुशाल अडगळीत टाका, मी दगड आहे. माझे मागणे वेगळे आहे. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हाती शिक्का येईल, आणि एक दिवस तुमच्यापुढे एक छापील कागद येईल. त्यात एक रकाना असेल. खाली बारीक अक्षरात असेल की रिकामा ठेवू नये. तेव्हा आपला कोण, जो हसून सोडून देईल, ते आठवू नका. रकाना रिकामा ठेवा. रिकामा रकाना कोणाला चावत नाही.

आणि त्यावरून एखादे साहेब चिडलेच, तर त्यांना खारबोरी फाट्यावर माझ्याकडे पाठवा. येताना थोडी भिजवलेली मिरची आणायला सांगा. माझी डावी बाजू अजून गुळगुळीत आहे.